सिंहस्थाआधी नवे ॲप नको, केसपेपरची खिडकी नीट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिंहस्थाच्या तयारीत आरोग्याचा विषय निघाला की कुणीतरी नवे ॲप सुचवतेच. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चे. ठरवले तर एवढ्या अवधीत ॲप उभे राहीलही. पण शहरातल्या एखाद्या सरकारी रुग्णालयात सोमवारी सकाळी नऊला केसपेपरच्या खिडकीसमोर थोडा वेळ थांबून बघावे. अडते कुठे ते तिथेच दिसते. आईला बाकावर बसवून मुलगा मोबाईलवर ओटीपीची वाट बघतो आहे, खिडकीतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला आहे आणि रांग पायऱ्यांपर्यंत गेली आहे.

या खिडकीवर आज जे आधार, जी आभा (आरोग्य खात्याचा क्रमांक) आणि जो क्यूआर कोड आपल्याला भेटतो, त्यांच्या घडणीत एका सनदी अधिकाऱ्याचा मोठा हात आहे. आर. एस. शर्मा. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. त्यांची कारकीर्द नीट वाचली तर सिंहस्थासाठी काय करावे आणि काय टाळावे हे बरेचसे तिथेच सापडते. म्हणून हे पत्र.

शर्मा १९७८ च्या तुकडीचे आयएएस. आयआयटी कानपूरमधून गणिताचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. आधी बिहार, राज्य विभागल्यावर झारखंड. बेगुसरायला जिल्हाधिकारी असताना, १९८० च्या दशकात, त्यांनी चोरीला गेलेल्या बंदुकांच्या नोंदी संगणकावर चढवल्या. वेगवेगळ्या ठाण्यांत पडून राहिलेले कागद एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले आणि बंदुका सापडू लागल्या. तेव्हाचा संगणक आजच्या साध्या मोबाईलपुढेही काहीच नव्हता. उपयोग झाला तो एकाच प्रकारची माहिती एकाच साच्यात लिहिल्यामुळे. पुढे नोकरीत असतानाच, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. हे सांगायचे कारण असे की शासनाच्या संगणकीकरणाची निविदा काढणारा माणूस आणि प्रोग्रॅम लिहिता येणारा माणूस आपल्याकडे बहुधा वेगळे असतात. इथे ते एकच होते, आणि त्याचा फरक पुढच्या प्रत्येक कामात दिसतो.

२००९ मध्ये नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली आधार प्राधिकरण उभे राहिले, तेव्हा शर्मा त्याचे पहिले महासंचालक झाले. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, म्हणजे आपल्याच नाशिक विभागात. त्या वेळी घेतलेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय किती कमी विचारायचे, हा होता. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लिंग, एवढ्या चारच गोष्टी सक्तीच्या. मोबाईल आणि ईमेल ऐच्छिक. जात, धर्म, उत्पन्न यांतले काहीही नाही. अनेक खात्यांना आपापले रकाने त्यात हवे असणार, हे सरकारी कामाची थोडी माहिती असलेल्या कुणालाही कळेल. रकाना वाढला की चूक वाढते, वेळ वाढतो आणि नोंद रेंगाळते. दुसरा निर्णय असा की पडताळणीच्या वेळी यंत्रणेने समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण रुग्णालयातल्या लोकांनी मनावर घ्यावी अशी. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक हा आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि संगणक तिथल्या तिथे नाकारतो. आपल्याकडच्या कित्येक रुग्णालयांत केसपेपरचा क्रमांक मात्र नुसता चढत्या क्रमाचा असतो. ४५१३ ऐवजी ४५३१ टंकले तरी संगणक निमूट दुसऱ्याच माणसाचा कागद उघडतो. रक्ताचा नमुना, एक्स-रे, औषधांची पर्ची, जिथे जिथे हा क्रमांक हाताने उतरवला जातो तिथे तिथे हा धोका आहे. उपाय स्वस्त आहे. क्रमांकाला एक तपासणी-अंक जोडायचा, केसपेपरवर बारकोड छापायचा, आणि प्रयोगशाळेत व औषधांच्या खिडकीवर एकेक स्कॅनर ठेवायचा.

आधारमध्ये बोटांच्या दहा ठशांबरोबर दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घ्यायची, हेही तेव्हाच ठरले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणी करणाऱ्या, लासलगावला कांदा निवडणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. नुसत्या बोटांवर भिस्त ठेवली असती तर हीच माणसे बाहेर राहिली असती. खिडकीवर ठशाचे यंत्र ठेवताना हे लक्षात असावे. तीनदा ठसा उमटला नाही की चौथ्यांदा बोट पुसायला सांगण्यात अर्थ नसतो. ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी करावी, तेही जमले नाही तर हाताने नोंद करून रुग्णाला पुढे पाठवावे.

झारखंडचे मुख्य सचिवपद आणि त्यानंतर केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिवपद, या टप्प्यावर फार रेंगाळत नाही. केंद्रीय कार्यालयांतली बायोमेट्रिक हजेरी कुणालाही संकेतस्थळावर बघता येऊ लागली ती याच काळात. निवृत्तिवेतनधारकांचे ‘जीवन प्रमाण’ नोव्हेंबर २०१४ मध्ये आले, डिजिलॉकर २०१५ मध्ये. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ‘जीवन प्रमाण’चे मोल सांगायला नको.

२०१५ ते २०२० या काळात शर्मा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये काही ठरावीक संकेतस्थळेच फुकट दाखवण्याच्या योजनांना ट्रायने मनाई केली, ते बहुतेकांना आठवत असेल. रुग्णालयासाठी त्याहून कामाची गोष्ट म्हणजे सार्वजनिक वाय-फायची शिफारस, जी २०१७ मध्ये झाली. तिच्यातूनच डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. तिच्यात चहाची टपरी किंवा मेडिकलचे दुकानही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकते. रुग्णालयाच्या जाड भिंतींच्या आत मोबाईलला रेंज नसते आणि स्कॅनची सगळी मदार रुग्णाच्या डेटावर असते. आवारातल्या उपाहारगृहाला अशी एक जोडणी घ्यायला लावली तर अर्धे काम होते.

त्याच ट्रायने जुलै २०१८ मध्ये सांगितले की माहितीचा मालक तो माणूस स्वतः आहे, बाकीचे फक्त सांभाळणारे. आणि त्याच महिन्यात शर्मांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून, नुकसान करून दाखवा, असे आव्हान दिले. लोकांनी त्यांचे फोन नंबर, पत्ते शोधून मांडले. पाठोपाठ आधार प्राधिकरणालाच आवाहन करावे लागले की असे क्रमांक जाहीर करू नका. ते आव्हान चुकीचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्रमांक कळल्याने बँकेतले पैसे जात नाहीत, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण खेड्यातला माणूस साहेबांचे बघून तेच करतो, आणि त्याच्यामागे साहेबांची सुरक्षा नसते.

आता को-विन, म्हणजे कोविड लसीकरणाच्या नोंदणीची यंत्रणा. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले आणि त्याच सुमारास शर्मांकडे को-विनच्या अधिकारप्राप्त गटाचे अध्यक्षपद व पाठोपाठ राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद आले. को-विन कोऱ्या पाटीवर उभे राहिले नव्हते. लसींचा साठा आणि शीतपेट्यांचे तापमान बघणारी ई-विन ही यंत्रणा आधीपासून चालू होती, तिचाच विस्तार झाला. २८ एप्रिल २०२१ ला १८ वर्षांवरील सर्वांची नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. १७ सप्टेंबर २०२१ ला एका दिवसात अडीच कोटी मात्रांची नोंद झाली. ओळखपत्र म्हणून आधारच हवे असा हट्ट नव्हता, इतरही कागदपत्रे चालत. एका मोबाईलवर चार जणांची नोंद करता येई, जानेवारी २०२२ पासून सहांची. फोन घरात एकच असतो, ही भारतीय वस्तुस्थिती त्या चार-सहाच्या आकड्यात मान्य केलेली आहे.

को-विन कुठे अडले आणि कसे सुटले, हे त्याच्या विक्रमांपेक्षा जास्त उपयोगाचे. काही जणांनी वेळ घेतली, केंद्रावर गेलेच नाहीत, तरी त्यांना ‘तुमची लस झाली’ असा संदेश आला. कारण केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने यादीतल्या नावापुढे खूण करून टाकली. ८ मे २०२१ पासून चार अंकी संकेतांक आला. तो लाभार्थ्याच्या मोबाईलवर असतो आणि त्याने सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. एवढ्याशा बदलाने चूक मुळातच थांबली. दुसरी अडचण मोठी होती. शहरातली, चटचट बोटे चालवणारी मंडळी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावू लागली आणि गाडी काढून तिथे लस घेऊन आली. गावातला माणूस आपल्याच उपकेंद्रापुढे ताटकळत राहिला. राज्यात अनेक ठिकाणी हे घडले. सर्वोच्च न्यायालयानेही या दरीवर बोट ठेवले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर १८ ते ४४ वयाच्या लोकांना थेट जाऊन नोंदणी करायला वाव मिळाला आणि २१ जूनपासून तर ही वाट सर्वांना मोकळी झाली. को-विनचे मराठीसह प्रादेशिक भाषांतले रूपही जूनमध्ये आले. म्हणजे मोहीम सुरू होऊन पाच महिने होत आल्यावर. हे आधी व्हायला हवे होते, यात दुमत नसावे.

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणातले शर्मांचे दुसरे काम म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे रुग्णांच्या नोंदी आभाशी जोडण्याची केंद्राची योजना. १५ ऑगस्ट २०२० ला त्याची घोषणा झाली, देशभर ते २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाले. या कामात नाशिकचा एक धागा आहे. २०१५ च्या सिंहस्थात महापालिका आयुक्त असलेले डॉ. प्रवीण गेडाम याच प्राधिकरणात या मिशनचे काम बघत होते आणि पुढे नाशिकचे विभागीय आयुक्त म्हणून आले. म्हणजे मेळाही माहीत आणि मिशनही माहीत, असा अनुभव या शहराच्या प्रशासनाला मिळालेला आहे.

मिशनबद्दल लोकांत एक गोंधळ आहे, तो आधी दूर करतो. आभा हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक आहे. त्याने विमा मिळत नाही. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी लागते ते आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची पात्रता, आणि त्यासाठी भेटायचे रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला. आभाचा छापील कागद दाखवून ‘ऑपरेशन फुकट होईल ना’ असे विचारणारी माणसे खिडकीवर रोज भेटतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. शिबिरात आभा काढून देणाऱ्याने हा फरक सांगितलेला नसतो. आभा ऐच्छिक आहे, तिच्यावाचून उपचार नाकारता येत नाहीत, हेही तेव्हाच सांगायला हवे.

आता खिडकीवरची ‘स्कॅन आणि शेअर’ची रीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू झाली आणि मग देशभर गेली. रुग्ण मोबाईलमधल्या आभा ॲपने रुग्णालयाचा क्यूआर कोड स्कॅन करतो. नाव, वय, लिंग, पत्ता आणि मोबाईल क्रमांक रुग्णालयाला द्यायला संमती देतो. माहिती रुग्णालयाच्या संगणकात जाते आणि मोबाईलवर टोकन क्रमांक येतो. तो क्रमांक खिडकीवर सांगितला की कारकून फक्त विभाग निवडतो आणि केसपेपर छापतो.

कागदावर हे एका मिनिटाचे काम. प्रत्यक्षात कुठे बिघडते ते क्रमाने न सांगता, जे जास्त घातक ते आधी सांगतो. मुलगा आईला घेऊन येतो आणि स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या आभाने स्कॅन करतो. केसपेपर मुलाच्या नावे निघतो आणि आईच्या साखरेचा अहवाल मुलाच्या खात्यात जाऊन बसतो. उद्या मुलगा अपघातात बेशुद्ध होऊन आला तर डॉक्टरांसमोर मधुमेहाची नोंद उघडेल. हे टाळायला यंत्र लागत नाही. छापण्याआधी कारकुनाने नाव आणि वय मोठ्याने वाचायचे आणि मान वर करून समोरच्या माणसाकडे बघायचे. को-विनचा चार अंकी संकेतांक जे काम करत होता, तेच हे.

दुसरे, ओटीपी. आधारला जोडलेला क्रमांक जुना असतो, किंवा तो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. तो कामावर असतो, फोन उचलत नाही. खिडकीवर आभा काढायला बसू नये, हा यावर खरा उपाय. आभा काढायचे टेबल रांगेपासून लांब, दुपारी ओपीडी ओसरल्यावर चालवावे. आणि नवीन काढण्याआधी, या माणसाची आभा आधीच आहे का, हे शोधावे. देशात ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले आहेत. पुष्कळांना आपला क्रमांक निघाला आहे हेच ठाऊक नसते. आधारवरून काढली तर तीच आभा परत सापडते. दुसऱ्या मार्गाने काढली तर एकाच माणसाची दोन खाती होतात आणि अर्धे अहवाल एका खात्यात, अर्धे दुसऱ्यात राहतात.

तिसरे, नाव. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिले जाते, ते मोजून बघावे. बाईंचे आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. वयस्कर लोकांच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख सर्रास असते, त्यामुळे नाव आणि तारीख जुळवून माणूस शोधला की एकाच गावातली तीन माणसे समोर येतात. म्हणून जुना केसपेपर असेल तर शोध क्रमांकावरूनच घ्यावा, नावावरून शेवटी. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सासर सिन्नरला, माहेर सुरगाण्याला, तर सातव्या महिन्यापर्यंतच्या तपासण्या एका रुग्णालयात आणि बाळंतपण दुसरीकडे. हिमोग्लोबिन किती होते, रक्तदाब कधी वाढला, हे सुरगाण्याच्या डॉक्टरांना आयत्या वेळी कळणे, याहून आभाचा चांगला उपयोग आम्हाला दिसत नाही.

चौथे, क्यूआरची जागा. तो खिडकीच्या काचेवर चिकटवलेला असतो. मग रांगेत पाऊण तास उभे राहून माणूस खिडकीशी पोचतो आणि तिथे फोन काढतो. मागचे ओरडतात, तो गडबडतो. क्यूआर प्रवेशद्वाराशी आणि रांगेच्या शेपटाशी लावावा, छातीच्या उंचीवर, चकाकत नाही अशा कागदावर. काही प्रणालींत टोकन अर्ध्या तासात बाद होते, तेव्हा टोकनवाल्यांची एक खिडकी वेगळी ठेवावीच लागते.

रांगेचा हिशेबही करून बघू. विचारून, टंकून एका केसपेपरला तीन मिनिटे धरली तर एका खिडकीवर तासाला २० रुग्ण, चार खिडक्यांवर चार तासांत ३२०. स्कॅनने ते काम एका मिनिटावर आले तर ९६०. पण आत मेडिसिनच्या ओपीडीत दोन डॉक्टर असतील आणि एका रुग्णाला चार मिनिटे दिली, तर चार तासांत १२० रुग्णच होतात. खिडकीची रांग उचलून डॉक्टरांच्या दाराशी नेऊन ठेवली, एवढेच घडते, आणि तिथे बसायला बाकडेही नसते. टोकनवर विभाग आणि अंदाजे वेळ छापली, बाहेर क्रमांक दाखवणारा एक फलक लावला, तर माणूस सावलीत बसून राहू शकतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर निःशुल्क आहे. सुट्या पैशांत जाणारा वेळ वाचला, तो इथे लावावा.

पण आमचा सर्वांत मोठा आक्षेप पुढचा आहे. स्कॅन केले म्हणजे ‘रेकॉर्ड डिजिटल झाले’, असे समजले जाते. तसे नसते. स्कॅनने फक्त नाव-गाव जाते. तपासणीचा अहवाल किंवा डिस्चार्ज कार्ड आभाशी जोडण्याचे काम वेगळे, आणि ते रुग्णालयाच्या प्रणालीतून करावे लागते. टोकन किती निघाले याचे आकडे वर कळवले जातात, जोडलेल्या अहवालांचे कुणी विचारत नाही. मिशनची रचना अशी आहे की अहवाल दिल्लीत साठत नाही, तो ज्या रुग्णालयाने तयार केला तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला तो हवा असेल तर रुग्णाच्या मोबाईलवर विचारणा येते: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखांचे, किती दिवसांसाठी. रुग्णाने होकार दिला की पहिल्या रुग्णालयाचा सर्व्हर तो पाठवतो. ही रचना चांगली आहे, आधारच्या ‘हो-नाही’च्या कुळातली आहे. पण तिच्यातच अडचणही आहे. रात्री संगणक बंद करून, कुलूप लावून माणसे घरी गेली आणि सर्व्हर त्याच खोलीत असला, तर रात्री दोन वाजता संमती देऊनही काही येत नाही.

जोडणीची सुरुवात प्रयोगशाळेपासून करावी. तिथले अहवाल आधीच टंकलेले किंवा यंत्रातून आलेले असतात, डॉक्टरांना जादा काम पडत नाही. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड. ओपीडीत डॉक्टरांनी हाताने लिहिलेली टिपणे अगदी शेवटी. उलट क्रमाने गेले की डॉक्टर पडद्याकडे बघत टंकत बसतात, रुग्णाकडे बघणे राहून जाते, आणि महिनाभरात सगळे बंद पडते. हे शिकवायला बाहेरून कुणी आणण्याची गरज नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. नोंदणी कारकून, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि परिचारिका यांच्यासाठी चार दिवसांचा अभ्यासक्रम ते सहज आखू शकते.

मेळ्यातले तात्पुरते दवाखाने ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे आभा, आधार, ओटीपी काहीही मागू नये. स्नानाच्या दिवशी रामकुंडावर आणि त्र्यंबकला मोबाईलचे जाळे कोलमडणार हे गृहीत धरावे. २०१५ च्या सिंहस्थात हार्वर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने दवाखान्यांत टॅबवर रुग्णांच्या नोंदी घेतल्या गेल्या होत्या. ती पद्धत साधी होती, तिच्यावरूनच पुढे जावे. पाच रकाने पुरतात: वयोगट, लिंग, मुक्कामाचा सेक्टर, मुख्य तक्रार, काय केले. मुख्य तक्रारीत जुलाब-उलट्या, ताप, खोकला, जखम, चक्कर आणि रक्तदाब-साखरेच्या संपलेल्या गोळ्या एवढे पर्याय ठेवले की बहुतेक रुग्ण त्यात बसतात. टॅब नेटशिवाय चालला पाहिजे आणि रेंज आली की आपोआप माहिती पाठवता आली पाहिजे. तोही बंद पडला तर वहीत रेघा मारायच्या. पाच रकान्यांच्या नोंदीला वही पुरते, पंचवीस रकान्यांच्या नोंदीला पुरत नाही.

या आकड्यांकडे बघायचे कसे, हे ठरवून ठेवावे. गर्दी किती आहे ते कुणालाच नेमके कळत नाही, त्यामुळे नुसती जुलाबाच्या रुग्णांची संख्या फसवी ठरते. एकूण रुग्णांत जुलाबाचे किती, हे प्रमाण सेक्टरवार, दर चार तासांनी काढावे. तपोवनातल्या एखाद्या सेक्टरमध्ये ते प्रमाण आदल्या दिवसाच्या दुप्पट झाले, तर तासाभरात तिथल्या नळांची ओटी चाचणी (पाण्यातले क्लोरीन तपासण्याची) झाली पाहिजे. नळाशी उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. साथीची शंका असेल तर त्याहून जास्त. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे गोदावरीला पुराचे दिवस, पाण्याच्या टाक्यांत गढूळ पाणी शिरण्याचे दिवस. दवाखान्यातला आकडा आणि पाणीपुरवठ्याचा माणूस यांच्यात एकच फोन नंबर असावा, समिती नको.

माहितीच्या सुरक्षेबद्दल. जून २०२३ मध्ये को-विनमधल्या लोकांची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. शर्मा तेव्हा पदावर नव्हते, आणि मूळ संकेतस्थळ फुटले नसल्याचे सरकारने सांगितले. तरी लोकांच्या मनातली भीती खरी आहे. रुग्णालयांत माहिती फुटते ती बहुधा फार साध्या रीतीने: सर्वांचा एकच पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेला, रुग्णांच्या नावांची एक्सेल यादी व्हॉट्सॲपच्या गटावर, पडद्याचा फोटो ‘साहेबांना दाखवायला’. प्रत्येक कारकुनाला स्वतःचे लॉगिन द्यावे, कोणी कोणाचा कागद उघडला याची नोंद दर आठवड्याला वैद्यकीय अधीक्षकांनी बघावी, आणि यादी मागणाऱ्याला यादीऐवजी संख्या द्यावी. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या सगळ्याच्या बाजूने आहे.

महापालिका आणि जिल्हा प्रशासनाकडे मागणी थोडकीच आहे. ध्वजारोहण ते पहिले अमृतस्नान या नऊ महिन्यांत जिल्हा रुग्णालय, बिटको व झाकिर हुसेन ही महापालिकेची रुग्णालये आणि त्र्यंबकेश्वरचे रुग्णालय इथल्या खिडक्या नीट कराव्यात. प्रत्येक ठिकाणी एक जादा प्रिंटर आणि किमान अर्धा तास टिकणारा यूपीएस ठेवावा, सर्व्हर रात्रीही चालू राहील अशी सोय करावी. दर महिन्याला दोन आकडे जाहीर करावेत: टोकन किती आणि आभाशी जोडलेले अहवाल किती. आणि क्यूआरच्या फलकावर मोठ्या मराठी अक्षरांत पहिली ओळ ही असावी: मोबाईल नसला तरी केसपेपर मिळेल, खिडकी क्रमांक १.

आपले,
रुग्णालयीन नोंदी व संगणक विभागातले काही नाशिककर